तुलनेसाठी घेतलेल्या मुली

अनुदान देणाऱ्यांनी विचारलंय : उपयोग होतो का?
म्हणून मी आलेय, सांता फेहून दोनशे मैल,
मागच्या सीटवर प्रश्नावल्यांचा खोका
आणि एक पिशवी भरून डायपर,
जे प्रश्नावलीत बसत नाहीत.

शाळेच्या मागे, जिथे पूर्वी मोटारदुरुस्ती शिकवायचे,
तिथे आता पाळणाघर आहे.
फरशीवरचा तेलाचा डाग काही केल्या निघाला नाही,
त्यावर सतरंजी टाकलीय.
सतरंजीवर नऊ बाळं,
आणि भिंतीपलीकडे त्यांच्या आया
बीजगणित सोडवतायत.
घंटा झाली की अंगावर पाजायला आठ मिनिटं.
ही आठ मिनिटं पदरात पाडून घ्यायला
मिसेस बाल्डोनाडो तीन वर्षं भांडल्या.

डेल्फिना, वय सोळा, माझ्यापुढे बसते.
पोराचं नाक बोलता बोलता स्वतःच्या बाहीनं पुसते.
प्रश्न चौथा : गेल्या तीस दिवसांत किती दिवस गैरहजर?
अकरा.
कारणाला रकाना नाही.
ती तरीही सांगते :
स्कूलबसमध्ये बाळाची खुर्ची बसत नाही,
खुर्चीशिवाय ड्रायव्हर चढू देत नाही,
बिचारा वाईट नाही, नियम आहे.
मग ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालत.
वारा सुटला की तेही नाही, वाळू जाते त्याच्या डोळ्यांत.
मी समासात लिहिते : वारा.

प्रश्न सतरावा : एक ते पाच, तुम्हाला किती आधार वाटतो?
ती विचारते, मंगळवारी, की रविवारी?

जागा नऊ होत्या, मुली बावीस.
चिठ्ठ्या आम्हीच काढल्या, मिसेस बाल्डोनाडोंच्या टोपीतून.
न्याय्य म्हणून.
आणि मला सोयीचंही होतं, हे लिहून टाकते.
उरलेल्या तेरा जणी म्हणजे माझा तुलनेचा गट.
दर तीन महिन्यांनी फोन, वीस डॉलरचं किराणा कार्ड.
तेरापैकी लागतात पाच.

ब्रिसेडा महामार्गावरच्या मोटेलात चादरी बदलते.
फोन उचलते ती धापा टाकतच :
मिस, माझा नंबर लागला?
नाही गं. मी फक्त विचारायला केलाय.
पलीकडे व्हॅक्यूम क्लीनर बंद होतो.
विचारा मग.
एकतीसच्या एकतीस उत्तरं देते,
मध्येच थांबून एकदा हिशेब करते बोटांवर,
शेवटी म्हणते, बरोबर आली ना सगळी?
म्हणजे पुढच्या खेपेला मिळेल ना?

तिचं जितकं बिनसेल
तितका माझा आलेख उठून दिसेल.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
आकडे मांडता मांडता कळलं,
आणि कळल्यावरही मी मांडतच राहिले.

नाताळनंतर डेल्फिना अमारिलोला गेली, मावशीकडे.
तक्त्यात तिच्यापुढे शब्द आहे : गळती.
गळती नळाची असते, छपराची असते.
ती तिथल्या शाळेत जाते म्हणे.
म्हणे चालत नाही अहवालात.

अंतरिम निष्कर्ष, पान सदतीस :
हजेरीत वाढ दिसते,
फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नाही.
नऊ मुलींत, त्यातली एक गळालेली,
लक्षणीय काय असणार?
समासातला वारा टंकलेखनात उडाला.

साहेबांचा फोन आला, सौजन्यानंच बोलले :
अहवाल नीटस आहे. पण एका वाक्यात सांगा,
उपयोग होतो का?
मी म्हटलं, बसमध्ये खुर्च्या बसवा.
ते म्हणाले, ते वाहतूक खात्याकडे येतं.

एप्रिलमध्ये ब्रिसेडाला फोन करायचाय.
प्रश्न तेच, एकतीस.