डिकीतला मिक्सर

लीड्सहून निघताना यादी वृंदाच्या हातात होती,
गॅसच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेली:
चष्मा आणणे. लायब्ररीची पुस्तकं. टायरमध्ये हवा.
मिक्सर फेकणे.
आणि अगदी खाली, दुसऱ्या पेनानं,
दिवाकर-उज्ज्वला.
जणू तेही एक काम.

चष्मा मिळाला.
दुकानाबाहेर येऊन ती माझ्याकडे बघत राहिली,
म्हणाली, "कानावरचे केस कधीपासून वाढलेत एवढे?"

कचरा डेपोच्या फाटकावर पिवळ्या जॅकेटातला पोरगा.
वेळ घेतलीय का?
नाही? मग उद्या.
टाकायचं म्हटलं तरी अपॉइंटमेंट!
मिक्सर डिकीतच राहिला, टॉवेलात गुंडाळलेला,
आहेरात फिरून परत आलेल्या भांड्यासारखा.

माल्टनच्या अलीकडे पुढे ट्रॅक्टर,
मागे आम्ही आणि आमच्यामागे तेरा गाड्या.
कुणी हॉर्न वाजवला नाही.
"हे लोक राग ठेवतात तरी कुठे?" वृंदा.
मी म्हटलं, "कुंपण छाटताना बघ एकेकाला."

पिकरिंग मागे पडलं, रस्ता चढला,
झाडं संपली.
माळभर हेदर फुललेलं,
कुणी कोकमाचं आगळ सांडून पुसायला विसरावं तसं.
तिथं एक भलामोठा खड्डा आहे. म्हणतात,
एका राक्षसानं बायकोवर चिडून
मूठभर माती उचलली, तिला मारायला.
वृंदा कठड्याशी उभी, नव्या चष्म्यातून खाली बघत.
"लागली तिला?"
"नेम चुकला."
"चुकणारच," ती म्हणाली,
आणि डब्यातली थालीपिठं काढली.

व्हिटबीला पूल उघडला होता.
एक निळी बोट सावकाश आत आली,
दोन्ही काठांवरची माणसं आइस्क्रीम चाटत थांबली.
मग मठाच्या पायऱ्या.
वृंदा पायऱ्या मोजत होती, मी श्वास.
तिच्या एकशे नव्याण्णव भरल्या, माझ्या दोनशे तीन.
वर छत नसलेल्या भिंती आणि वारा.
एवढं बघायला आलो होतो, बघितलं.
खरं म्हणजे वेळ काढत होतो.

अकरा वर्षं.
भांडण झालं असतं तर बरं,
मिटवता तरी आलं असतं.
आमचं नुसतं राहून गेलं,
या रविवारी, पुढच्या रविवारी.

दार उज्ज्वलानं उघडलं.
केस पांढरे, आवाज तोच, जिन्याखालून हाक मारणारा:
"अहो, आले बघा हे!"
दिवाकर उठला. हात पुढे केला,
तो माझ्या हातात आल्यावरही थरथरत राहिला.
मी सोडला नाही. काय बोलावं सुचलं नाही.
चहा आला. त्याचा कप अर्धाच भरलेला.
कुणी काही म्हटलं नाही.

निघताना उज्ज्वला डिकीत रुबार्ब ठेवायला आली
आणि टॉवेल सरकला.
"अरे, हा तर ब्रॅडफर्डच्या घरातला!"
दिवाकर तोवर स्क्रूड्रायव्हर शोधायला आत गेलासुद्धा.

पाऊण तास.
तो स्क्रूवर टोक टेकवायचा, टोक घसरायचं.
पुन्हा टेकवायचा.
मी टॉर्च धरून बसलो,
माझाही हात हलवत होतो थोडा, मुद्दाम.
"नीट धर की रे," तो खेकसला.
बरं वाटलं.
तळातून तपकिरी भुगा पडला,
कुठल्या संकष्टीचं दाण्याचं कूट ते, देव जाणे.

मग बटण.
मिक्सर चार सेकंद फिरला,
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा,
आणि जळका वास सोडून बंद पडला.
उज्ज्वला हसता हसता पायरीवर बसली.
दिवाकर म्हणाला, "कार्बन ब्रश गेलेत. मी मागवतो.
पुढच्या वेळी आणा."

परतताना माळावर अंधार.
वृंदानं आतला दिवा लावला, यादी काढली.
चष्म्यावर रेघ. पुस्तकांवर रेघ.
टायर राहिलेच.
मिक्सरपाशी पेन थांबलं,
मग "फेकणे" तेवढं खोडलं.
"दिवा बंद कर," मी म्हटलं, "समोरचं दिसत नाही."
"मला दिसतंय," ती म्हणाली.
"डावीकडे मेंढी आहे. हळू."