मऊ कडेची सावली

समोर बत्तीस मजले झाले
आणि माझ्या चिंचपोकळीच्या खिडकीतलं ऊन
साडेदहाला येऊन पावणेअकराला जायला लागलं,
चहाही न घेता.

कार्व्हालो सिस्टरने निरोपाला दिलेली आमरी
कोळशाच्या तुकड्यांत पाय रोवून
दोन वर्षं नुसती पानं काढत राहिली.
जाड, गुबगुबीत, काळपट हिरवी.
येणारे म्हणत, किती तजेलदार!
मी वॉर्डात पाहिलंय,
सूज लांबून बाळसंच वाटते.

लोहार चाळीत मुफद्दलभाईंच्या दुकानात
भर दुपारी सगळे दिवे चालू.
‘कुठल्या खोलीसाठी?’
‘झाडासाठी.’
त्यांनी आधी जांभळा पेटवला,
लाल मणी, निळे मणी, एकाच पट्टीत.
‘झाडाला एवढंच लागतं, बाई.
बाकीचा उजेड आपले चोचले.’
त्याखाली माझा हात कुणा दुसऱ्याचा दिसला.

लाल उजेडात मी एकतीस वर्षं काढली.
डार्करूमचं दार आतून लावून
हायपोच्या वासात फिल्म हलवत राहायची,
कुणाच्या तरी बरगड्या वर येईपर्यंत.
लाल दिव्याशी माझं वैर नाही.
पण घरात नको.

मग पांढरे काढले. पांढऱ्यांतही तीन जाती.
‘हा घ्या, साडेसहा हजार.’
मी पर्स मिटली.
‘किंमत नाही हो, रंग आहे तो! किंमत साडेचारशे.’
मी मधला घेतला, चार हजारवाला,
ज्यात झाडाचं भागेल
आणि मला भाजी निवडता येईल.

दोन फुटी ट्यूब
कपड्यांच्या दोरीला टांगली, वर-खाली करता येईल अशी.
सिस्टरने फोनवर शिकवलं:
पानावर वीतभर उंच हात धर.
सावली सुरीसारखी पडली तर दिवा वर घे.
पडलीच नाही तर खाली.
कड मऊ हवी.

म्हणजे पुन्हा सावल्याच.
किती मनगटं मी फिल्मवर ठेवली,
हलू नका, श्वास रोखा,
किती लहान मुलांची बोटं एकेक करून सरळ केली.
आता माझाच हात, थोडा थरथरणारा,
आणि पानावर त्याची सावली
कडेला विरत गेलेली.
हललेला फोटो. पास.

पुढे मात्र चुकले.
बातम्या संपल्या तरी दिवा मालवेना.
एक वाजे, दोन वाजत.
खोलीत कुणीतरी जागं असल्यासारखं वाटे.
सेक्रेटरी कोठारे जिन्यात म्हणाले,
तुमच्याकडे कुणी परीक्षेला बसलंय का?

पानं पिवळटली. एकाच्या टोकाला
पोळल्यासारखी लाल झाक.
‘अगं, तिला निजू दे की!’ सिस्टर ओरडलीच.

टायमर आणला. सात ते सात.
संध्याकाळी टक् करून दिवा जातो
आणि तेव्हा कळतं की अंधार होतच नाही.
समोरच्या लॉबीतले झुंबर,
क्रेनच्या टोकाचा तांबडा डोळा,
पुलावरच्या जाहिरातीतली सतत हसणारी मुलगी.
लोहार चाळीत सगळं मिळतं, रात्र सोडून.

माळ्यावर फिल्मच्या पाकिटांतले काळे कागद होते,
निवृत्तीच्या दिवशी उगाच घरी आणलेले.
ते खिडकीला चिकटवले, कडांना पट्टी लावून,
फटीतून रेघही येणार नाही असे.
हे काम मला येतं.
दार लावून मिनिटभर उभी राहिले.
हायपोचा वास तेवढा नव्हता.

परवा पानाच्या बगलेतून
काहीतरी बाहेर आलंय. हिरवं, नखाएवढं.
मूळ असेल. दांडा असेल.
मुळाचं टोक गोल असतं म्हणतात, दांड्याचं
मिटलेल्या बोटांसारखं.
मी चष्मा पुसून पाहिलं, बॅटरी लावून पाहिलं.

कोठारे विचारतात, फूल येणार का?
मी त्यांना सांगितलं,
आम्ही फक्त फोटो काढायचो.
रिपोर्ट आमच्याकडे नसायचा.