खांद्यानं बस

पतसंस्थेला कॅलेंडरसाठी हलशीचं देऊळ हवं होतं.
'नुसतं देऊळ,' सेक्रेटरी म्हणाले, 'माणूस नको, जनावर नको,
गेल्या साली बैल छापला तर सभासद भांडले, कुणाचा म्हणून.'
खानापुरातलं शटर अर्धं ओढलं,
पासपोर्टवाल्या दोघांना उद्या या म्हटलं,
ट्रायपॉड पाठीला बांधून स्कूटर काढली.
नंदगडच्या पुढेपर्यंत धुकं होतं, मग एकदम नव्हतं.

आधी बाहेरून. शिखर आणि आभाळ, एवढंच.
पण विजेची तार येते ती बरोबर कळसाच्या मानेवरून.
दोन पावलं डावीकडे सरकले, तार सुटली,
काळी टाकी आली.
टाकी चुकवली तर खात्याचा फलक,
फलक चुकवला तर कुणाचं तरी वाळत घातलेलं लुगडं, हिरवंगार,
देवळापेक्षा तेच आधी दिसणारं.
गुडघ्यावर बसले, मग पोटावर.
त्या दगडांनी कुणासाठी जागा सोडायची?
सरकायचं ते मी.

आत वेगळीच अडचण.
इथे गाभारे दोन, समोरासमोर.
इकडे पृथ्वी उचललेला वराह,
तिकडे नारायण, निवांत बसलेला,
मधे फरशी, तेल प्यायल्यासारखी काळी.
एकाचा फोटो घ्यायचा तर दुसऱ्याकडे पाठ.
वळले. पुन्हा वळले. लेन्स बदलली.
बाबा शिकवायचे, विषय मधोमध ठेवायचा नाही,
नवरी सोडून.
तसेही दोन काढले. स्वच्छ आले, तिकिटासारखे,
आणि मानेच्या मागे जे सारखं कुणीतरी बघत होतं
ते दोन्हीत नव्हतं.

रवळू गुरव झाडू थांबवून उभा.
'काय हुडकालीस अक्का?'
दोघं एकदम येईनात, म्हटलं.
'न्हाईच येत. माझंबी तेच हुतं.
नवा हुतो तवा ह्याला हात जोडला की
वळून त्याची माफी मागायचा.
दिसभर नुसता भोवरा.
बा म्हणाला, येड्या, खांद्यानं बस.'
आणि बसून दाखवलं:
खांबाला पाठ, एक खांदा इकडे, एक तिकडे,
तोंड बाजूच्या दाराकडे, उन्हाकडे.
'हितनं दोघंबी असत्यात. थोडं थोडं.'

त्याची जागा अजून गरम होती.
सगळ्यात रुंद लेन्स लावली, कॅमेरा फरशीला जवळजवळ टेकवला.
डाव्या काठाला अंधार,
उजव्या काठाला अंधार,
दोन्हीत समईचा एकेक ठिपका, उडीद-दाण्याएवढा.
मधे दारातून आलेलं दीड हात ऊन
आणि उन्हात आडवा पडलेला झाडू.
'उचलू?'
सेक्रेटरी आठवले.
झाडू माणूसही नाही, जनावरही नाही.
राहू दे, म्हटलं.

छापून आला तो मार्चात.
तारखा मावेनात म्हणून डावीकडून कापला.
तिथे आता चौकटी, एकादशी, बँकेची सुट्टी,
खाली मुदतठेवीचे दर.
झाडू मात्र शाबूत.

प्रत द्यायला गेले. रवळूने कॅलेंडर लांब धरलं,
जवळ धरलं, बोट फिरवलं डाव्या कडेवर.
'हितला कुठं गेला?'
मापात बसला नाही, म्हटलं.
'मग जा, माफी माग जा त्याची.'
हसला नाही म्हणताना.

गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहिले.
मराठीत मागितली,
मग आठवेल तेवढ्या कन्नडातही,
कुठलं कळतं त्याला कुणास ठाऊक.
मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं,
बघितलंच.

बाहेर तार होती तिथेच,
कळसाच्या मानेवर, आणि तारेवर एक कोतवाल,
शेपूट दुभंगलेली, दोन्ही टोकं सारखी.
नेमका मधोमध.
कॅमेरा दुकानात राहिला होता.