वाव

सौना मोडली तेव्हा आठ दिवस
वडील माझ्याशी बोलले नाहीत.
नवव्या दिवशी जिना उतरून तळघरात आले,
बाकांच्या जागी उभा केलेला रॅक पाहिला,
पॅचबेची अठ्ठेचाळीस भोकं बोटानं मोजली
आणि म्हणाले, "वायर कुठली घेणार?"

वेइयो साल्मेला. एकतीस वर्षं राउमाच्या गोदीत
जहाजांच्या पोटातून तारा ओढलेला माणूस.
मी त्यांच्यापुढे कॅटलॉग धरला,
प्रगतिपुस्तक धरावं तसा.

आधी स्वस्तातल्या मागवल्या होत्या, सहाच्या जुडग्यात,
रंगीबेरंगी, साच्यात ओतलेल्या प्लगच्या.
त्यांनी एक वाकवली, कानाशी नेली,
आई बाजारात काकडी मोडून बघायची तशी.
"जे उघडत नाही ते दुरुस्त होत नाही."
जुडगं परत गेलं.

ते छोटे पितळी प्लग, रेडिओ केंद्रात असतात तसले,
मला फार आवडले होते.
त्यांच्या किमतीत एक बरा माईक येतो.
पान उलटलं. मग मागे जाऊन परत एकदा बघितलं.

"आणि सिंथला एकच तार पुरेल," मी म्हटलं,
"अंतर जेमतेम हातभर."
त्यांनी पावाच्या कागदी पिशवीवर रेघा मारल्या:
एकच निरोप दोघींकडे द्यायचा,
एकीनं सरळ न्यायचा, दुसरीनं उलटा.
वाटेत फ्रीजरची घरघर चिकटेल ती दोघींना सारखीच.
दारात पोचल्यावर उलटीला सुलट करायचं,
की घरघर आपसात भांडून मरते
आणि निरोप तेवढा दुप्पट होतो.
"तुझी आई आणि मी," म्हणाले,
आणि पुढे काहीच नाही.
पेन्सिलीला टोक काढत बसले.

सोन्याचा मुलामा? नको, निकेल पुरे,
समुद्राचा खार तळघरात उतरत नाही.
पण मानेशी पकड घट्ट हवी.
वायर मानेतच मरते.

मापं मी घेतली, आउने आत्याच्या लेस विणायच्या दोऱ्यानं:
प्रत्येक यंत्रापासून प्रत्येक भोकापर्यंत,
चोवीस गाठी.
मीटरमागे पैसे पडतात,
माझे हिशेब सेंटिमीटरवर आले होते.
"वाव ठेव," ते म्हणाले.
"किती?"
कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात पुढे केला: "इतका."
मी चार बोटं ठेवला.

मग तीन संध्याकाळी डाख देण्यात गेल्या.
राळेचा धूर चढला
आणि सौनेच्या पाइनच्या फळ्यांनी तो
ओळखीचा असल्यासारखा आत ओढून घेतला.
लाल टोकाला, पांढरी कड्याला,
जाळीचं एकच टोक बांधायचं, दुसरं कापून सोडायचं.
"दोन्ही बांधलीस तर गुणगुण गोल गोल फिरत बसेल."
अकरावी मी उलटी जोडली.
त्यांना ऐकून कळलं नाही, मला कळलं:
ढोल आतून पोकळ वाजला.
"कान बरा आहे," म्हणाले, आणि डाख परत वितळवला.
आठ दिवसांच्या अबोल्याबद्दल
आमच्यात एवढंच बोलणं झालं.

मार्चमध्ये वरच्या झरोक्यातून
ऊन तासभर आत यायला लागलं.
मला त्या उन्हात बसायचं होतं.
टेबल सरकवलं, हातभरसुद्धा नाही,
आणि पाठीमागे पॅचबेतून
एकेक प्लग सुटत गेला, टप, टप,
पिकलेली बोरं पडावीत तसा.

तेवीस सुटले.
सतरावी तेवढी आरामात लोंबत होती.
मी कॉफी करायला वर गेले होते
तेव्हा त्यांनी कापलेली ती एकच.
कोपरापासून बोटांपर्यंत,
मोजून बघितली.

कॅटलॉग उघडला. गेल्या वेळचा आकडा आठवला.
"साठ मीटर मागवते," जिन्याकडे ओरडले.
वरून कपबशीचा आवाज आला,
मग थोडी शांतता,
मग:
"सत्तर."