सातवा भाग

सोहारच्या कॅम्पात, अकरा नंबरच्या खोलीत,
दर गुरुवारी रात्री आम्ही ती मालिका बघायचो.
तिच्यात एक लिफ्टमन. त्याची लिफ्ट
कधी चौथ्या मजल्यावर उघडायची, कधी तळ्यात.
तो टोपी सावरून गुडघाभर पाण्यात उतरायचा
आणि कुणाला काही विचारायचा नाही.

आम्ही मात्र विचारायचो.
‘म्हणजे तो मेलाय?’
‘मग घोडा कुणाचा?’
मुश्ताक परकार डाळीला फोडणी देत म्हणायचा,
घोडा घोड्याचाच. गप बघा.

पाचव्या भागाला त्याची नाइट होती.
सकाळी भट्टीवरून आला, भुवयांत राख,
तर तिघांनी त्याला तीन पाचवे भाग सांगितले.
त्याने तिन्ही खरे धरले.

मग त्याचा व्हिसा संपला. तो दाभोळला गेला,
पासवर्डही त्याच्यासोबतच,
आणि सहाव्यानंतर पडद्यावर
नुसतं एक वर्तुळ फिरत राहिलं.

तरी गुरुवारी आम्ही बसतो. कुणी एक सांगतो:
लिफ्ट उघडली, बाहेर सुकट वाळत घातलंय.
किंवा, बाहेर हाच कॅम्प, पण समुद्राखाली;
फोरमन तोंड उघडतोय, नुसते बुडबुडे.
हसता हसता यादय्या खाटेवरून पडतो.

काल मुश्ताकचा फोन. मागे कोंबडा, वारा.
‘सातव्यात काय झालं रे?’
त्याच्याकडे पासवर्ड आहे, टीव्ही आहे, वेळच वेळ आहे.
मी म्हणालो, लिफ्ट उघडली.
‘आणि?’
गुडघाभर पाणी. तू उभा होतास. टोपी नव्हती.

बराच वेळ तो बोलला नाही.
मग म्हणाला,
पुढच्या गुरुवारी घोडा दिसतो का बघ.