प्रश्न सत्ताविसावा

सेगेदला, तिसा नदीकडे पाठ करून उभ्या इमारतीत
माझं काम एवढंच:
लोकांनी आखलेले गोल वाचायचे
आणि कुत्र्यांचे आकडे करायचे.
एक म्हणजे कधीच नाही. पाच म्हणजे नेहमी.
मधले तीन आकडे बहुधा भिडेचे.

आज एका पाकिटातून दोन प्रश्नावल्या निघाल्या,
कुत्रा एकच. बोर्श, म्हणजे मिरी.
मुदी जातीचा, काळा, वय नऊ,
उजवा कान टोकाशी फाटलेला.
घरातल्या दोघांनी भरायचं,
वेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांशी न बोलता,
असं आम्हीच कळवलं होतं.
न बोलण्याची अट
त्यांना फारशी जड गेली नसावी.

बोल्दिझार, रेल्वेचा निवृत्त फाटकवाला. निळं पेन.
एतेल्का, तीस वर्षं पावाच्या कारखान्यात. पेन्सिल, खाडाखोड.

अनोळखी माणसावर भुंकतो?
तो म्हणतो पाच. ती म्हणते एक.
हाकेला येतो?
तो, दोन. ती, पाच,
आणि बाजूला बारीक अक्षरात: हाक कोण मारतं त्यावर आहे.
खेळकर आहे?
त्यानं तीनवर गोल केलाय.
तिनं पेन्सिल टेकवली, दाबली, उचलली.
कागदाला खड्डा आहे, गोल नाही.

पाकिटात दोन कुत्रे असल्यासारखं वाटतं.
एक निळा, दांडा खाली पाडून
येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून धरणारा.
एक शिसपेन्सिलीच्या रंगाचा,
पिठाच्या हातांमागे घरभर हिंडणारा.

ओर्शोयाबाई म्हणतात, सरासरी काढ.
पाच आणि एक, भागिले दोन.
म्हणजे बोर्श कधी कधी भुंकतो.
असं त्यानं म्हटलेलं नाही, तिनंही नाही.
बोर्शला तर कुणी विचारलंच नाही.

मग सत्ताविसावा.
घरी एकटा राहिला तर कासावीस होतो?
दोघांचेही गोल कोरे,
आणि दोन खोल्यांतून, दोन अक्षरांत, एकच वाक्य:
माहीत नाही, आम्ही दोघं एकदम कधी बाहेर पडत नाही.
त्यानं पुढे लिहिलंय: चार वर्षं.
तिनं लिहिलंय: पाच.

अशा जागी आम्ही 'गहाळ' लिहितो,
आणि गहाळ उत्तरांसाठी एक छापील पत्र असतं.
ते मी पाठवलं. खाली, नियमात बसत नसताना,
हातानं एक ओळ घातली:
शक्य असल्यास तासभर दोघांनी बाहेर जाऊन पाहावं,
संशोधनाला मदत होईल.
(संशोधनाला काय, नऊशे बारा कुत्रे आहेत आमच्याकडे.)

उत्तर यायला ऑक्टोबर उजाडला.
या खेपेला कागद एकच.
निळ्या पेनानं: दीड तास गेलो.
नदीवर मासळीचा रस्सा घेतला. तिखट जास्त होतं.
परतलो तेव्हा कुत्रा झोपला होता.
त्याच्याखाली पेन्सिलीनं: झोपेचं सोंग होतं. शेपूट हलत होती.
पुन्हा निळं: स्वप्नातही हलते.
पुन्हा पेन्सिल: आणि तिखट बरोबर होतं.

गोल कुणीच केलेला नाही.
कोपऱ्यात पापरिकाचा तांबूस डाग आहे,
बोटाएवढा, कडेला तेल पसरलेलं.
हा कागद टेबलावर त्यांच्याबरोबर होता म्हणायचा.

ओर्शोयाबाई दारातून विचारतात, काय घालतेयस?
मी एक घालते. पुसते. दोन घालते.
कर्सर लुकलुकत बसतो.
बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकतंय,
अनोळखी माणसावर की ओळखीच्या,
इथून कळत नाही.