टंच

हुपरीत आम्ही सगळं ग्रॅममध्ये बोलतो.
शेठजी चांदी मोजून देतो, पैंजण मोजून घेतो,
मधे जे उडालं ती घट,
ती माझ्या मजुरीतून जाते.
म्हणून मुबीना सिस्टरनं बोटातून टंच काढावा तसं
रक्त काढलं, म्हणाली, "त्रिशला, आठ पॉइंट चार ग्रॅम,"
तेव्हा मला आणखी घाबरवावं लागलं नाही.
किती भरायला पाहिजे होतं?
"अकरा."
आणि घट कुणाच्या खात्यात?
ती हसली नाही. माझ्या पोटाकडं बघितलं.

मग गोळ्या. तोंडाला गंज आल्यागत.
दीड महिना मी त्या चहाबरोबर गिळल्या,
आक्कानं मायेनं केलेल्या, साखर जास्त घातलेल्या चहाबरोबर.
चहा लोह अंगाला लागू देत नाही,
हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.
सांगितलं तशी आक्का अर्धा दिवस बोलली नाही.
संध्याकाळी गोळीशेजारी
लिंबू चिरून ठेवलेलं.

सातव्यात पाय सुजले.
"सुजायचेच. मला दोन्ही खेपंला सुजले हुते."
सुजतातही, ते खोटं नाही.
पण त्या पहाटे जोडवी निघेनात,
बांगडी मनगटात रुतली,
आणि झाळायला बसले तर
मणी एकाचे दोन दिसायला लागले.
डोकं असं, की आत कुणी फुंकणी धरलीय.

कार्डाच्या मागच्या पानावर एक बाई आहे,
छपाई सरकलेली, ओठ गालावर गेलेले,
कपाळाला हात लावून बसलेली.
इतके महिने मला वाटायचं, ती रुसलीय.
त्या पहाटे तिच्याखालची ओळ वाचली.
बोट ठेवून. दोनदा.

शेठजीची पाटी अर्धी राहिली.
कुबेरला उठवलं, एकशे आठला फोन लावला.
उचगाव येईतोवर तो विचारत होता,
"डाव्याच कुशीवर का?"
आणि मी, डोळे मिटून,
मला कळलं तेवढं सांगत होते.

सीपीआरमध्ये अजून आहे.
बीपी रोज दोनदा, लघवी तपासायला बाटली.
मजुरीच्या वहीत मागून दुसरं खातं उघडलंय:
जेवल्यावर लाथा. काल दहा, पस्तीस मिनिटांत.
आज अकरा वाजले, अजून सहाच.
मोजतेय.

शेजारच्या खाटेवर गारगोटीची पोर आलीय,
पहिलटकरीण, कार्ड पिशवीतून न काढलेली.
आक्काला अक्षर येत नाही.
तरी तिनंच ते काढलं, उलटं केलं,
त्या बाईवर बोट ठेवलं:
"ही रुसलेली न्हाई गं, पोरी.
हिचं नीट बघून ठेव."